फियाटला नवा रंग द्यायचा की आहे तो जपायचा?

जुनी गाडी घरी आली की पहिल्याच रविवारी कुणीतरी म्हणतं, "झकास आहे! आता एकदा फुल पेंट करून टाक." शेजारी म्हणतो, मेव्हणा म्हणतो, गाडी ढकलायला आलेला वॉचमनही म्हणतो. मामांची १९७८ ची पद्मिनी माझ्याकडे आली तेव्हा मीही निमूटपणे तारीख ठरवून आलो होतो. गॅरेजवाल्याचं आधीचं काम लांबलं, म्हणून तीन आठवडे हातात राहिले. त्या तीन आठवड्यांत गाडीचा रंग नीट बघायला शिकलो आणि शेवटी डावं पुढचं मडगार्ड आणि दारांच्या खालच्या कडा एवढंच रंगवून घेतलं. बाकी अंगावर अजून कुर्ल्याच्या कारखान्यातलाच रंग आहे, थोडा विटलेला, थोडा ओरखडलेला.

हा लेख त्या तीन आठवड्यांबद्दल आहे. उदाहरणं कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटची देतोय, म्हणजे उलट्या दारांची 'डुक्कर फियाट', १९६४ ची डिलाइट आणि १९७४ च्या सुमारास नाव बदलून आलेली पद्मिनी. कारण मला तीच गाडी कळते. अँबेसेडरवाल्यांना आणि स्टँडर्डवाल्यांनाही पद्धत तीच लागू पडेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. नवा रंग आज नाही मारला तर पुढच्या वर्षी मारता येतो, दहा वर्षांनीही येतो. जुना रंग एकदा घासून काढला की तो परत मिळत नाही, कितीही पैसे मोजा. त्यामुळे घाई करायचं कारण फक्त एकच असू शकतं, ते म्हणजे गंज. चमक गेली, शेड उतरली, लग्नाच्या वरातीत गाडी न्यायची आहे, यातलं काहीच घाईचं कारण नाही.

पहिली पायरी: हात बांधून ठेवा

गाडी आणल्या आणल्या जोराच्या फवाऱ्याने धुवायला नेऊ नका. सुटत आलेल्या रंगाखाली पाणी शिरतं आणि पापुद्रे उडतात. सडलेल्या जोडांमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. बादली, मऊ फडकं, अगदी सौम्य शाम्पू, एवढं पुरे.

मग फोटो काढा. भर दुपारी नाही, संध्याकाळी उन्हं तिरपी झाल्यावर. पत्र्यावरून तिरपा प्रकाश गेला की सगळी लपवाछपवी उघडी पडते. पूर्वी ठोकून सरळ केलेला पत्रा पाण्यावरच्या लहरींसारखा दिसतो. प्रत्येक पॅनेलचा एक फोटो आणि प्रत्येक डागाचा जवळून एक. मी वही केली होती. बायको म्हणाली, मुलांच्या लसीकरणाची नोंदसुद्धा तू इतकी नीट ठेवली नव्हतीस.

दुसरी पायरी: हा रंग खरंच मूळ आहे का?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच सुटतो. ज्याला आपण मूळ रंग समजून जपायला निघालो, तो वीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला मारलेला निघतो. विकणाऱ्याच्या 'ओरिजिनल पेंट आहे साहेब'वर जाऊ नका. तो खोटंच बोलतोय असं नाही, त्यालाही माहीत नसतं.

सुरुवात करा जिथे रंगारी आळस करतो त्या जागांपासून. डिकीचं रबर हलक्या हाताने उचला. ग्लव्ह बॉक्स उघडून डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा. मागची सीट काढा. दाराच्या आतलं पॅड काढता आलं तर उत्तमच. मागची नंबर प्लेट सोडवून तिच्या खालची जागा बघा. या ठिकाणी उन्हापासून वाचलेली खरी शेड दिसते. ती बाहेरच्या शेडपेक्षा गडद असली तर घाबरू नका, बाहेरची उन्हाने उतरली असेल. पण ती वेगळ्याच रंगाची असेल तर गाडी एकदा तरी रंगली आहे.

आता रबरांच्या कडा बघा. काचेच्या रबरावर, वायरिंगवर, स्क्रूच्या खाचेत, बॉनेटखालच्या एखाद्या नळीवर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले, की कुणीतरी सुटे भाग न काढता कागद चिकटवून रंग फवारायची गन चालवली आहे. दाराच्या चौकटीत जिथे कागदाची पट्टी लावली होती तिथे बोटाला बारीकशी पायरी लागते. डोळे मिटून बोट फिरवा, लवकर कळतं.

लोहचुंबकाची जुनी युक्ती अजून चालते. फ्रिजवर लावायचा लहानसा चुंबक पातळ सुती कापडात गुंडाळून पॅनेलभर फिरवा. जिथे तो ढिला पडतो तिथे खाली पुट्टीचा थर आहे. जास्त नेमकं हवं असेल तर रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळतं. जुन्या गाड्या विकणाऱ्या-घेणाऱ्यांकडे ते असतं, तासाभरासाठी मागून आणा. आजच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात असते. त्यावर आणखी एकदा पूर्ण रंग चढला की आकडा सहज २०० च्या पुढे जातो आणि पुट्टी असेल तर ५०० काय, हजारही दिसतो. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. पण जुन्या फियाटला आजच्या गाडीचा आकडा काटेकोरपणे लावू नका. नेमक्या आकड्यापेक्षा फरक शोधा. छत ११०, बॉनेट १२०, तीन दारं तशीच आणि चौथं दार ३४० असेल, तर त्या चौथ्या दाराची काहीतरी कथा आहे.

मुंबईची गाडी घेत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. टॅक्सीची खासगी करून घेतलेली फियाट असू शकते. छताच्या आतल्या कडेला पिवळा आणि दाराच्या आत खाली काळा दिसला की समजा, ही काळी-पिवळी होती. पुष्कळ जण हे कळल्यावर तोंड वाकडं करतात. मला उलट वाटतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आज वरच्या पांढऱ्या रंगाखाली जुना पिवळा शाबूत सापडला, तर मी तो पांढरा काढायचा विचार आधी करेन. अर्थात खासगी पासिंगच्या गाडीला टॅक्सीचा रंग देऊन रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे हे आपलं मनातलं.

तपासणीत रंग दुसऱ्यांदा मारलेला आणि तोही वाईट निघाला, तर जपण्याचं ओझं उतरलं. तुम्ही थेट पुढच्या गंजाच्या पायरीवर जा.

तिसरी पायरी: रंगाची जात ओळखा

आपल्याकडे गाडीच्या कुठल्याही रंगाला 'ड्युको' म्हणतात. मुळात ते अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीने १९२० च्या दशकात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं नाव. नाव राहिलं, रंग बदलत गेले. तुम्हाला एवढंच ठरवायचं आहे, की वर पारदर्शक थर आहे की नाही.

कोपऱ्यातल्या एखाद्या जागी थोडं पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तो एकेरी रंग आहे, म्हणजे शेड आणि चमक एकाच थरात. फडकं कोरं राहिलं तर वर क्लिअर कोट आहे. पांढऱ्या गाडीला काळं फडकं वापरा. मी पहिल्यांदा पांढऱ्यावर पांढरं घासत दहा मिनिटं बसलो होतो.

फियाटवर एकेरी रंगच सापडायची शक्यता जास्त, आणि ही चांगली बातमी आहे. विटलेला एकेरी रंग बहुतेक वेळा मेलेला नसतो, फक्त त्याचा वरचा पापुद्रा खडूसारखा झालेला असतो. खाली जिवंत रंग असतो. त्याउलट क्लिअर कोटचे पापुद्रे सुटायला लागले की त्याला पॉलिशचा इलाज नाही. आणि ७० च्या दशकातल्या फियाटवर क्लिअर कोट सापडला, तर वर काय म्हटलं ते आठवा: तो नंतरचा आहे.

चौथी पायरी: गंज कुठवर गेलाय?

या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस. म्हणून सिल, म्हणजे दारांखालची पत्र्याची लांब पोकळ पट्टी, सडली तर रंगाचा प्रश्न मागे पडतो, गाडीच्या ताकदीचा प्रश्न उभा राहतो. गाडी रॅम्पवर घ्या आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जा. सिल, जॅक लावायची जागा, चटईखालचा पत्रा, मडगार्डच्या आत चिखल साचतो ते कोपरे, दारांचे तळ, बॅटरीखालचा पत्रा, स्टेपनीची जागा, समोरच्या काचेच्या रबराखालचा भाग. मुठीने ठोका, मग टोक दाबून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, टोक आत गेलं, तर तिथे पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल आणि त्या भागाचा रंग जाणार. त्यावर हळहळत बसू नका.

रंगावर दिसणाऱ्या खुणांचा अर्थ साधारण असा. ओरखड्यात दिसणारा तांबूस गंज वरवरचा असतो, तो थांबवता येतो. रंगाला फोड आले असतील तर गंज आतून येतोय, आणि फोड जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा खाली खराब असते. बॉनेटच्या उभ्या रेषेवर रंग झिजून प्राइमर दिसत असेल तर ते नुसतं घासल्याने झालंय, त्याला काही करायची गरज नाही. आणि रंगाला कोरड्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा असतील, तर तो रंग पॉलिशने सुधारणार नाही. भेगांवर नवा रंग मारला तरी काही महिन्यांत त्याच भेगा वर येतात. तिथे दोनच पर्याय: आहे तसा आवडून घ्या, नाहीतर पत्र्यापर्यंत काढा.

कोकणातल्या किंवा मुंबईत समुद्राजवळच्या गाड्यांना खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस दोन्ही भोवतात. सोलापूर-नगरकडची गाडी खालून कोरडी ठणठणीत आणि वरून उन्हाने पांढरी पडलेली मिळते. मला दोन्हींतून निवडायला सांगाल तर मी दुसरी घेईन, डोळे मिटून.

पाचवी पायरी: फूटभर जागेवर प्रयोग

निर्णय घ्यायच्या आधी हे कराच. डिकीच्या झाकणावर फूटभर चौरस आखा, कडेने चिकटपट्टी लावा. छतावर किंवा बॉनेटवर नको, तिथे ऊन जास्त खाल्लेलं असतं. जागा धुवा, मग ओला क्ले बार (मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) हलकेच फिरवून चिकटलेला मळ काढा. रंग एकेरी असेल तर पॉलिश करण्याआधी त्याला तेल पाजा. तेलाचा अंश असलेलं, घासणारी पूड नसलेलं ग्लेझ जाडसर लावून रात्रभर ठेवा. सकाळी पुसा, पुन्हा लावा. कोरड्या रंगात तेल मुरतं आणि शेड वर येते. हे थोतांड वाटतं, पण मामांच्या गाडीचा राखाडी दिसणारा निळा दुसऱ्या दिवशी निळा दिसायला लागला तेव्हा मी घरच्यांना खाली बोलावून दाखवला होता.

त्यानंतर अगदी बारीक पॉलिश, हाताने. रबिंग कंपाउंड आणि बफिंग मशीन घेऊन कुणी पुढे आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. रबिंगने दरवेळी थोडा रंग जातोच, आणि पन्नास वर्षांत तुमच्या आधी किती जणांनी रबिंग करून घेतलंय याचा हिशोब कुणाकडे नसतो. बॉनेटच्या धारांवर मशीनचं पॅड दोन सेकंद जास्त टेकलं तरी प्राइमर बाहेर येतो. डॅशबोर्ड-टायर चमकवायचे सिलिकॉनचे स्प्रे तर गाडीच्या आसपासही फिरकू देऊ नका. पुढे कधी टचअप करायची वेळ आली, की त्या जागी रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

शेवटी वॅक्स लावा, पट्टी काढा आणि चार पावलं मागे जाऊन बघा.

आता निर्णय

गाडी म्हणून एकच निर्णय घेऊ नका, पॅनेलगणिक घ्या. वहीत प्रत्येक पॅनेलसमोर तीनपैकी एक शब्द लिहा: ठेवायचं, रफू, रंगवायचं.

जिथे रंग मूळ आहे, पत्रा शाबूत आहे आणि फूटभर जागेने आशा दाखवली, तिथे 'ठेवायचं'. ओरखडे, डाग, झिजलेल्या धारा असल्या तरी. जिथे वरवरचा गंज आहे तिथे 'रफू'. पैठणीला रफू करतो तसं: फक्त गंजलेली जागा पत्र्यापर्यंत खरवडायची, गंज थोपवणारं रसायन, इपॉक्सी प्राइमर, मग जुळवलेली शेड बारीक कुंचल्याने. जवळून दिसेल, दिसू द्या. जिथे पत्रा कापावा लागतोय, फोड आलेत किंवा आधीच कुणी पुट्टी थापली आहे, तिथे 'रंगवायचं'.

वहीत 'ठेवायचं' जास्त आलं तर निर्णय झाला. दहापैकी आठ पॅनेलसमोर 'रंगवायचं' आलं तर अख्खी गाडी रंगवा आणि मनाला लावून घेऊ नका. पंचाईत होते ती निम्म्या-निम्म्या गाडीची. तिथे माझा कल जपण्याकडे असतो, कारण सगळे बरोबर उलटं करतात. बाहेरच्या देशांत वारं केव्हाच फिरलंय. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत २०२४ मध्ये पहिल्यांदाच जतन गटातली गाडी सर्वोत्तम ठरली, १९३४ ची बुगाटी टाइप ५९. तिच्या काळ्या रंगावर वयाच्या सगळ्या खुणा होत्या. फियाट म्हणजे बुगाटी नव्हे, मान्य. पण चकचकीत रंगवलेल्या पद्मिनी पुष्कळ दिसतात, कारखान्याच्या रंगातली शोधावी लागते.

रंगवायचंच ठरलं तर

पावसाळ्यात नको. दमट हवेत हवेतली वाफ रंगात अडकते आणि वर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे महिने बरे. शेड तीच ठेवा आणि ती लपलेल्या जागेवरून जुळवा, उन्हाने उतरलेल्या छतावरून नाही. काचा, रबरं, बिल्ले, क्रोमच्या पट्ट्या काढूनच काम करा. 'कागद लावून करतो, काढायची गरज नाही' असं म्हणणारा गॅरेजवाला स्वस्त पडतो आणि दोन पावसाळ्यांनी त्याच रबराखालून गंज दिसतो. सुटे भाग घरी आणून ठेवा. माझा बॉनेटवरचा बिल्ला गॅरेजमध्येच 'कुठेतरी' गेला, तो अजून तिथेच असावा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या: उघडा पत्रा बघितल्यावर, प्राइमर झाल्यावर, रंग झाल्यावर. प्रत्येक टप्प्याला स्वतः जा. उघडा पत्रा न बघता प्राइमरला हो म्हणू नका, कारण पुट्टी किती भरली ते नंतर कुणी सांगत नाही. आरशासारखी चमक मागू नका, या गाडीला ती कधी नव्हती. आणि डिकीच्या आतला, डॅशबोर्डमागचा रंग तसाच सोडायला सांगा. पुढच्या मालकाला मूळ शेड बघायला तेवढी तरी जागा राहील.

घरी स्वतः घासायला बसणार असाल तर जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या रंगांत शिशाची रंगद्रव्यं असायची. पाणी-पेपरने ओलं घासा, चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, राहिलेला गाळ मोरीत ओतू नका. हार्डनर मिसळायचे टू-के रंग मात्र घरी फवारूच नका, त्यातली आयसोसायनेटं फुप्फुसांना कायमची इजा करतात आणि साधा मास्क त्यांना अडवत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे शेड बदलली तर आरटीओत नोंद करावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. त्याची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. त्यात मूळ रूप टिकलेलं असावं अशी अट आहे, आणि भर चॅसिस, बॉडी शेल व इंजिन यांवर आहे. रंग मारला म्हणून दार बंद होत नाही. पण ही नोंदणी घेतली की गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच काढता येते. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

जपायचं ठरलं तर

काम कमी आहे, पण सुटत नाही. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं पावसाळ्यापूर्वी तारेने मोकळी करा. सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मारा. जुने मेकॅनिक तिथे जळकं ऑइल ओततात, त्याने गंज थांबतो, पण रबरं फुगतात आणि पार्किंगवरून सोसायटीत भांडण होतं. वर्षातून दोनदा वॅक्स, पावसाच्या आधी आणि दिवाळीत. कव्हर सुती, प्लास्टिकचं कधीच नको. त्याच्या आत घाम धरतो.

आणि शेड जुळवून घ्याल तेव्हा पाव लिटर जास्त करून घ्या. उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, वर तारीख, दुकानाने दिलेलं मिश्रणाचं प्रमाण आणि कोणत्या पॅनेलला वापरला ते लिहा. माझी बरणी लोणच्याची आहे. एकदा ती स्वयंपाकघरात गेली होती, तेव्हापासून डिकीत स्टेपनीशेजारी असते.